बाजार संपला, की फक्त मोठ्यांना परवडेनासा झाला? ॲडव्हेंचर गेम्सचे पाच धडे



या आठवड्याच्या व्हिडिओत जे आकडे आणि तपशील राहून गेले, ते इथे सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा : "सर, सगळे म्हणतात या धंद्यात आता काही राहिलं नाही. मी उतरू का?" यावर माझा उलटा प्रश्न असतो : हे म्हणणाऱ्याचा महिन्याचा खर्च किती आहे? कारण 'बाजार संपला' हे वाक्य बहुतेक वेळा बाजाराबद्दल नसतंच, ते बोलणाऱ्याच्या खर्चाबद्दल असतं. हे समजून घ्यायला आज कॉम्प्युटर गेम्सच्या धंद्यातलं एक उदाहरण घेऊ. तुम्ही आयुष्यात एकही गेम खेळला नसेल तरी चालेल.

आधी गोष्ट समजून घ्या

ॲडव्हेंचर गेम म्हणजे काय? स्क्रीनवर एक चित्र असतं. माऊसने वस्तू उचलायच्या, पात्रांशी बोलायचं, कोडी सोडवायची आणि गोष्ट पुढे न्यायची. मारामारी जवळजवळ नाही, घाई नाही.

१९८० साली अमेरिकेत केन आणि रोबर्टा विल्यम्स या नवरा-बायकोने 'मिस्टरी हाउस' हा गेम घरीच तयार केला आणि प्लॅस्टिकच्या झिपच्या पिशवीत फ्लॉपी घालून विकला. त्यातून सिएरा ही कंपनी उभी राहिली. पुढे लुकासफिल्मच्या गेम्स विभागाने १९९० मध्ये 'मंकी आयलंड' आणला. १९९३ च्या 'मिस्ट'च्या ६० लाखांहून जास्त प्रती विकल्या गेल्या. म्हणजे हा प्रकार एकेकाळी बाजाराचा राजा होता.

मग चक्र फिरलं. 'डूम' आणि 'क्वेक'सारखे गोळीबाराचे गेम आले, थ्रीडी ग्राफिक्स आले. १९९८ चा 'ग्रिम फँडँगो' समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण विक्रीत तो कमी पडला. १९९९ मध्ये सिएराचा ओकहर्स्टचा मूळ स्टुडिओ बंद झाला. मार्च २००४ मध्ये लुकासआर्ट्सने 'सॅम अँड मॅक्स'चा नवा गेम अर्ध्यातच रद्द केला आणि कारण दिलं बाजाराच्या परिस्थितीचं. सगळीकडे एकच बोललं जाऊ लागलं : ॲडव्हेंचर गेम मेला.

धडा १ : गिऱ्हाईक कमी झालं नसेल, खर्च वाढला असेल

या काळात आवाज देणारे कलाकार, थ्रीडी चित्रं, मोठी टीम, दुकानातली जागा, जाहिरात, सगळ्याचा खर्च वाढला. गिऱ्हाईक मात्र त्या वेगाने वाढलं नाही. शिवाय तेवढाच पैसा दुसऱ्या प्रकारच्या गेममध्ये घातला तर जास्त सुटत होता. मोठ्या कंपनीचा निर्णय तिच्या हिशेबाने बरोबरच होता. चूक झाली ती बघणाऱ्यांची, कारण त्यांनी 'कंपनीला परवडत नाही' याचा अर्थ 'कोणालाच नको आहे' असा लावला.

आपल्या भाषेत गणित करू. समजा एका वस्तूचे वर्षाला ३,००० गिऱ्हाईक आहेत आणि प्रत्येक जण ५०० रुपये देतो. उलाढाल झाली १५ लाख. ज्या कंपनीचा नुसता पगार महिन्याला १० लाख आहे, तिच्यासाठी हा बाजार मेलेलाच आहे. पण घरून काम करणारी दोन माणसं बघा. कच्चा माल ६ लाख, पॅकिंग-पोचवणं-इतर २ लाख. उरले ७ लाख, म्हणजे महिन्याला ५८ हजारांच्या आसपास. बाजार तोच, गिऱ्हाईक तेच. एकाचं दिवाळं, दुसऱ्याचं घर चालतंय.

धडा २ : छोट्याने हत्यारं स्वस्तातली घ्यावीत

न्यूयॉर्कच्या डेव्ह गिल्बर्ट यांनी २००६ मध्ये वॅजेट आय गेम्स सुरू केलं. त्यांचा 'द शिवा' हा गेम आधी एका महिन्याच्या हौशी स्पर्धेसाठी फुकट बनवलेला होता. लोकांना आवडला, तेव्हा तो वाढवून विकायला काढला. त्यासाठी वापरलेलं 'ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ' हे सॉफ्टवेअर फुकट होतं. चित्रं मुद्दाम जुन्या पद्धतीची, ठिपक्याठिपक्यांची. त्यामुळे खर्च आटोक्यात राहिला, आणि जुन्या गिऱ्हाइकाला नेमकं तेच रूप हवं होतं! मग 'ब्लॅकवेल' मालिकेचे पाच गेम आले, इतरांचे गेमही त्यांनी बाजारात आणले. एका रात्रीत कोणी श्रीमंत झालं नाही, पण दुकान वर्षानुवर्षं चालू राहिलं.

इथे विक्रीचा रस्ताही बदलला होता. गेम इंटरनेटवरून थेट विकता येऊ लागला. डबा नको, दुकानातली फळी नको, मधला वितरक नको. गिऱ्हाईक जगभर विखुरलेलं असलं तरी एका जागेवर बसून त्याच्यापर्यंत पोचता येतं. विखुरलेलं गिऱ्हाईक एकत्र करता येणं, हीच छोट्या बाजाराची किल्ली आहे.

धडा ३ : चव ठेवा, त्रास काढा

आता दुसरी बाजू. सगळा दोष मोठ्या कंपन्यांच्या खर्चाचा नव्हता, मालातही खोट होती. सिएराच्या 'किंग्ज क्वेस्ट ५' मध्ये एक पाय मिळतो, म्हणजे खायचा पदार्थ. तो तुम्ही भूक लागली म्हणून खाऊन टाकलात, तर पुढे हिममानवासमोर तुमच्याकडे काहीच उरत नाही आणि गेम तिथेच अडकतो. १९९९ च्या 'गॅब्रिएल नाइट ३' मध्ये मांजराच्या केसांची खोटी मिशी करून ती पाकाने चिकटवायची होती. हे कोणाला सुचणार? गिऱ्हाईक वैतागून गेलं, त्याचं काय चुकलं!

'थिंबलवीड पार्क' (२०१७) बनवणाऱ्या रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांनी जुनं रूप तसंच ठेवलं, पण सोपी आणि अवघड अशा दोन पातळ्या दिल्या. पुढे अडकलेल्यासाठी गेममधल्याच फोनवरून इशारा मिळण्याची सोयही दिली. कोडी तीच, छळ कमी.

तुमच्या धंद्यात बघा. लाकडी घाण्याचं तेल पुन्हा विकलं जातं ते चवीसाठी आणि विश्वासासाठी. गळक्या बाटलीसाठी कोणी जास्त पैसे देत नाही. 'पारंपरिक' या शब्दाखाली गैरसोय खपवू नका.

धडा ४ : आगाऊ पैसा म्हणजे नफा नव्हे

फेब्रुवारी २०१२. 'ग्रिम फँडँगो'वाले टिम शेफर यांच्या डबल फाइन कंपनीने किकस्टार्टरवर लोकांकडेच पैसे मागितले. मागणी होती ४ लाख डॉलरची. दिवस संपायच्या आत ती पूर्ण झाली. शेवटी ८७ हजारांहून जास्त लोकांनी ३३ लाखांहून जास्त डॉलर दिले, म्हणजे माणशी सरासरी ३८ डॉलर. गेम अजून बनलेलाही नव्हता! 'मेलेल्या' बाजारातलं गिऱ्हाईक हे असं रांगेत उभं होतं. बाजार आहे की नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

पण पुढचं ऐका. पैसा वाढला तसा गेमचा आराखडाही वाढला, इतका की तो पैसाही पुरेना. शेवटी 'ब्रोकन एज' दोन भागांत विभागावा लागला. पहिला भाग जानेवारी २०१४ मध्ये, दुसरा थेट एप्रिल २०१५ मध्ये. मूळ अंदाज २०१२ च्या ऑक्टोबरचा होता. बरेच लोक नाराज झाले.

ॲडव्हान्स ही उधारी आहे. फरक इतकाच की ती पैशात नाही, मालात फेडायची असते. ५० डब्यांची ऑर्डर २०० झाली, तर आधी विचारा : माझी शेगडी तीच आहे ना?

धडा ५ : परत आलेला बाजारही छोटाच असतो

लुकासआर्ट्समधून बाहेर पडलेल्यांनी २००४ मध्ये टेलटेल कंपनी काढली. २०१२ च्या त्यांच्या 'द वॉकिंग डेड'ने बक्षिसांची रास लावली. मग एकाच पद्धतीचे गेम एकामागून एक आले, माणसं वाढली, खर्च वाढला. सप्टेंबर २०१८ मध्ये जवळजवळ सगळा स्टाफ, अडीचशेच्या आसपास माणसं, एका दिवसात घरी गेली. ज्या खर्चाने पहिल्या पिढीच्या कंपन्यांना हा प्रकार परवडेनासा झाला, त्याच खर्चाने यांनाही गाठलं. छोट्या बाजारात छोटं राहणं ही कमजोरी समजू नका, टिकण्याची ती अट आहे.

सावधान : प्रत्येक मेलेला बाजार उठत नाही

नुसते शब्द टाइप करून खेळायच्या गेम्सचं उदाहरण घ्या. 'झॉर्क'वाली इन्फोकॉम १९८९ मध्ये बंद झाली. तिच्या प्रकाराचे चाहते आजही आहेत, १९९५ पासून दरवर्षी स्पर्धा भरते, सुंदर गेम लिहिले जातात. पण बहुतेक फुकट. प्रेम आहे, पाकीट नाही. "आमच्या लहानपणी काय मस्त मिळायचं!" असं म्हणणारे शंभर लोक आणि आज पैसे काढून देणारे शंभर लोक, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. घरातली बचत किंवा सोनं मोडून धंद्यात घालण्याआधी हा फरक तपासलाच पाहिजे.

गृहपाठ

१. तुमच्या मनातल्या 'संपलेल्या' धंद्यातून कोण बाहेर पडलं ते लिहा. त्यांचा महिन्याचा खर्च अंदाजे किती होता?

२. तुमचा महिन्याचा खर्च आणि घराला लागणारी रक्कम लिहा. ती भागवायला वर्षाला किती गिऱ्हाईक लागतील? आकडा काढा, 'भरपूर' असं लिहू नका.

३. जुन्या गिऱ्हाइकांपैकी दहा जणांना विचारा : वस्तू घेणं का सोडलं? आवड गेली, की त्रास झाला, की मिळेनाशी झाली? आवड गेली असेल तर थांबा. बाकी दोन कारणांवर काम करता येतं.

४. त्याच दहा जणांकडे थोडी रक्कम आगाऊ मागा, तारीख सांगून. किती जण देतात ते मोजा. कौतुक मोजू नका.

५. जास्तीत जास्त किती ऑर्डर घेणार, हा आकडा आजच ठरवा आणि भिंतीवर लावा.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर शून्य आलं, तरी निराश होऊ नका. दुकानाचं डिपॉझिट भरण्याआधी ते कळलं, हा तुमचा पहिला नफा समजा. आणि दहापैकी चार-पाच जणांनी पैसे काढून दिले, तर पुढच्या व्हिडिओची वाट बघा. त्यात अशा छोट्या बाजारात किंमत कशी ठरवायची, ते आपण बघणार आहोत.