उत्तर देण्यापूर्वी पाया पाहा

शास्त्रभाग : प्रे. कृत्ये १७:१६-३४
पाठांतर : १ पेत्र ३:१५

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एक तरुण तरुणसंघाच्या सभेनंतर आमच्याकडे आला. तो विज्ञान शाखेत शिकत होता. त्याने विचारले, “काका, मेलेला मनुष्य उठला हे तुम्ही खरेच मानता?” आम्हांला आनंदच झाला, कारण उत्तर तयार होते. रिकामी कबर, आधी भ्यालेले व पुढे निर्भय झालेले शिष्य, पाचशेहून अधिक बंधूंना झालेले दर्शन (१ करिंथ १५:६), असे सारे पुरावे आम्ही त्याच्यापुढे मांडले. त्याने शांतपणे ऐकून घेतले व म्हटले, “साक्षीदार पाचशे असोत की पाच हजार, मेलेली माणसे उठत नाहीत. त्यांना भ्रम झाला असेल.” आम्ही रागावलो. तुझ्यात विश्वासच नाही, असे चारचौघांत बोललो. त्यानंतर कित्येक महिने तो उपासनेला आला नाही.

आमचे कोठे चुकले? पुरावे खोटे नव्हते. परंतु तो तरुण एक गोष्ट आधीच धरून बसला होता. ती अशी की, सृष्टी हे बंद घर आहे व बाहेरून आत येणारा कोणी नाही. हे एकदा गृहीत धरले म्हणजे कितीही साक्षीदार आणा, त्यांचा भ्रमच ठरणार. आम्ही छप्पर शाकारीत बसलो आणि पाया पाहिलाच नाही.

पौल अथेनैत

प्रेषित पौलाने असे केले नाही. अथेनैत त्याची गाठ एपिकूरपंथी व स्तोयिकपंथी लोकांशी पडली. एपिकूर (ख्रि. पू. ३४१-२७०) याची शिकवण अशी होती की, सर्व काही सूक्ष्म कणांचे बनले आहे, देव असले तरी ते दूर आहेत, त्यांना माणसाची काळजी नाही, आणि मरणाबरोबर आत्माही विरून जातो. स्तोयिक म्हणत की, सर्व विश्वात एकच बुद्धी भरलेली आहे व तीच देव. जे घडते ते नियतीने घडते, ते मनुष्याने निमूटपणे स्वीकारावे. एकाचा देव फार दूर, तर दुसऱ्याचा देव जगापासून वेगळाच नाही.

पौलाने पुनरुत्थानाची सुवार्ता तर त्यांना बाजारातच सांगितली होती. पण त्यांना वाटले, हा कोणत्या तरी परक्या दैवतांविषयी बोलतो. म्हणून अरीयपगावर त्याने आरंभ मागून केला. ‘अज्ञात देवाला’ वाहिलेल्या वेदीचा उल्लेख करून तो उत्पत्तीपासून बोलू लागला. देवाने जग निर्माण केले, म्हणून जग म्हणजे देव नव्हे. तो आपणांपैकी कोणापासूनही दूर नाही, म्हणून तो बेफिकीरही नव्हे. त्याला कशाची उणीव नाही. तोच सर्वांना जीवन व श्वास देतो. मग त्यांच्याच एका कवीची साक्ष काढून पौल म्हणतो की, आपण जर देवाचे वंशज, तर देव सोन्यारुप्याचा कसा असेल? त्यांच्याच बोलण्यातील विसंगती त्याने त्यांना दाखविली. पण टवाळी केली नाही. हा पाया घातल्यावरच तो न्यायाच्या दिवसाकडे व पुनरुत्थानाकडे आला.

तेथे लोकांना काय अडखळण होते? ख्रि. पू. ४५८ मध्ये एस्किलस या नाटककाराने त्याच अरीयपगाच्या स्थापनेवर एक नाटक रचले. त्यात अपोलो हे दैवतच सांगते की, माणूस मेला म्हणजे पुन्हा उठणे नाही. १७४८ साली डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानेही लिहिले की, मेलेला उठल्याचे कोणत्याही काळी, कोणत्याही देशी दिसून आलेले नाही. परंतु वाद तर याच गोष्टीचा आहे! जे सिद्ध करावयाचे तेच आधी धरून चालले, तर चौकशी होण्यापूर्वीच निकाल लागतो.

आपलाही पाया

येथे एक इशारा आहे. ही काठी दुसऱ्याला मारण्यासाठी नाही. पौलाचे भाषण आपण स्वतःला लावून पाहू या. देवाला कशाची उणीव नाही असे आपण मानतो. तरी मोठे अर्पण दिल्यावर देव आपला ऋणी झाला असे मनात येते की नाही? देवाने एकापासून सर्व मानवजात केली असे आपण शब्बाथशाळेत शिकवितो. तरी सोयरीक जुळविताना पूर्वीची जात हळूच विचारतो की नाही? ओठांवरचे मत एक व पायातला दगड दुसरा, हे मुलांच्या चटकन लक्षात येते.

शेवटी आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो. प्रथम क्षमा मागितली. मग विचारले, “मेलेले कधीच उठत नाहीत, हे तू प्रयोगशाळेत शिकलास, की आधीच धरून चाललास?” तो बराच वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, “आणि काका, तुम्ही काय धरून चालता?” प्रश्न रास्त होता. आम्ही म्हणालो, “ज्याने हे सर्व केले तो जिवंत आहे, हे आम्ही धरून चालतो. तो असेल तर मेलेल्यास उठविणे त्याला जड नाही. तो नसेल, तर तुझी विचार करणारी बुद्धीही नुसत्या कणांची हालचाल. मग तिच्यावर तरी भरवसा का ठेवावा?”

त्या दिवशी त्याचे मन पालटले असे आम्ही म्हणत नाही. अथेनैतही काहींनी थट्टा केली, काही पुन्हा ऐकू म्हणाले, आणि दिओनुस्य, दामारी व इतर काहींनी विश्वास ठेवला. पाया दाखविणे आपले काम. अंतःकरण उघडणे पवित्र आत्म्याचे. तो तरुण आता उपासनेला येतो, मागच्या बाकावर बसतो आणि अजून प्रश्न विचारतो. आम्ही आता रागावत नाही.

शिक्षकांनी वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. पौलाने यहुद्यांच्या सभास्थानात शास्त्रावरून वाद केला (१७:२), पण अरीयपगावर उत्पत्तीपासून आरंभ का केला?
२. “जे दिसते तेच खरे,” असे म्हणणारा काय धरून चालतो? ते त्याला दिसते काय?
३. आपल्या घरात अशी कोणती गोष्ट आपण धरून चालतो, जी वचनाशी जुळत नाही?