नेम मोडला, तर परत कुठून सुरू करायचं?



आषाढी जवळ आली की आपल्या घरांत चातुर्मासाच्या नेमाचं बोलणं सुरू होतं. म्हणून या वेळचा पाठ तब्येतीच्या संकल्पावर घेतला आहे. मागच्या वर्षी आमच्याकडून जी चूक झाली, तीच आधी सांगतो. त्यातूनच आम्ही शिकलो.

*काय घडलं*

मागच्या आषाढीला, म्हणजे 6 जुलै 2025 ला, आम्ही बैठकीतल्या सगळ्या बायकांनी ठरवलं की यंदाचा चातुर्मास तब्येतीसाठी पाळायचा. उत्साह फार! कुणी चहा सोडला, कुणी तळलेलं सोडलं, कुणी पहाटे पाचला उठून चालायचं ठरवलं. एकेकीचे चार-चार, पाच-पाच संकल्प. बैठकीच्या खोलीत भिंतीवर मोठा तक्ता लावला. पाळलं की हिरवी खूण, मोडलं की लाल फुली. तक्ता लावायची कल्पना आमचीच, आणि आम्हाला तिचं कौतुकही होतं.

आमच्यातल्या एका ताईंना सहा वर्षांपासून शुगर आहे. त्यांनी चार महिने गोड पूर्ण बंद केलं. राखी गेली, गणपतीचे मोदक गेले, दसरा गेला, त्यांच्या नावापुढे सगळ्या हिरव्या खुणा. मग आला चंदी पडवो. सुरतेत राहणाऱ्यांना सांगायला नको, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी इथे घरोघरी घारी आणि भुसू असतं. मुलाने पहिल्या पगारातून घारीचा डबा आणला. आईने एक घारी खाल्ली. कुठली आई नाही म्हणेल?

पुढच्या गुरुवारी ताई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. आम्हाला वाटलं, दिवाळीची कामं असतील. कार्तिकी एकादशीनंतर आम्ही दोघी-तिघी घरी गेलो, तेव्हा कळलं. "नेम मोडलाच आहे" म्हणून दिवाळीत त्यांनी सगळंच खाल्लं. शुगर तपासायला भीती वाटली म्हणून तपासली नाही. गोळ्याही मागेपुढे झाल्या. पायाला चप्पल लागून जखम झाली होती, ती पंधरा दिवस भरत नव्हती, आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. वेळेत गेलो म्हणून पाय वाचला, असं डॉक्टर म्हणाले.

आम्ही विचारलं, "ताई, बैठकीला का नाही आलात?" त्या म्हणाल्या, "भिंतीवरची लाल फुली बघायला कोण येणार?"

त्या रात्री आम्ही तक्ता उतरवला.

*जुने नेम कसे टिकायचे?*

मग आम्ही बसून विचार केला. आपल्या सासवा, आज्या फार शिकलेल्या नव्हत्या, खान्देशातून इकडे आल्या तेव्हा हाताशी काही नव्हतं. तरी त्यांचे नेम वर्षानुवर्षं कसे टिकले?

चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं सोडायची रीत बघा. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, पोटभर कांद्याची भजी आणि भरीत खाऊन घ्यायचं. एकादशीपासून कांदा घरातच आणायचा नाही. म्हणजे रोज मनाशी भांडण नाही. टोपलीत कांदाच नाही, तर मोह कशाचा? शिवाय सगळं घर मिळून पाळायचं, एकट्या बाईने नव्हे. शेवटही ठरलेला, कार्तिकी एकादशी. मागच्या वर्षी ती 2 नोव्हेंबरला होती, म्हणजे आषाढीपासून मोजून 120 दिवस. आणि मध्ये चुकून खाल्लं गेलं तर? आजी देवापुढे हात जोडायची, चुकलं म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी नेम चालू. चार महिने वाया गेले असं कधी म्हणाली नाही.

आता शास्त्र काय सांगतं तेही ऐका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांचा 12 आठवडे अभ्यास केला. प्रत्येकाने खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकच नवी सवय निवडली होती. सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागतात, कुणाला 18 पुरतील तर कुणाला 254 लागतील, असा हिशेब निघाला. मधला एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे एका घारीने ताईंचं तीन महिन्यांचं पाळणं बुडालं नव्हतं. बुडालं ते नंतर लाजेने सोडून दिलं म्हणून.

*यंदा आम्ही काय ठरवलंय*

1. एकच नेम. पाच नाही. आणि "करणार नाही" पेक्षा "करणार" असा. "जेवताना आधी वाटीभर कोशिंबीर खाईन" हे लक्षात राहतं.

2. नेम रोजच्या कामाला बांधायचा. "रोज चालेन" म्हटलं की दिवस निघून जातो. "संध्याकाळची दिवाबत्ती झाली की वीस-पंचवीस मिनिटं चालेन" म्हटलं की पाय आपोआप निघतात. मोठ्या माणसांनी आठवड्याला निदान 150 मिनिटं भरभर चालावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोजची वीस-पंचवीस मिनिटं धरली की तेवढं होतं. ज्यांच्या घरी रात्रपाळी आहे, त्यांनी डबा भरून दिला की निघायचं.

3. घरात काय आणायचं ते आधी ठरवायचं. तेलाच्या डब्यावर उघडल्याची तारीख लिहा, किती दिवसांत संपतो ते कळेल. मीठ दिवसाला माणशी 5 ग्रॅमपेक्षा कमी हवं, म्हणजे लहान चमचाभर. त्यात लोणचं, पापड आणि चहाबरोबरचं फरसाणही आलं बरं का!

4. सणाची सूट आधीच ठरवायची. "सुरतचं जेवण आणि काशीचं मरण" म्हणतात त्या गावात आपण राहतो. घारी येणार, दिवाळी येणार. किती खायचं ते शुगर असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून आधी लिहून ठेवावं. ठरवून खाल्लं की चोरी वाटत नाही.

5. गोळी चालू असेल तर उपवास डॉक्टरांना विचारूनच. शुगरच्या काही गोळ्या घेऊन उपाशी राहिलं तर शुगर एकदम खाली जाते. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यापुढे अंधारी आली, तर लगेच साखर तोंडात टाका. उपवास मोडला म्हणून देव रागावत नाही. आणि साबुदाण्याने शुगर वाढते, तेव्हा उपवास म्हणजे ताटभर खिचडी असं करू नका.

6. मोडला तर दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीला सांगायचं. भिंतीला नाही, माणसाला. आणि पुढच्या जेवणापासून परत सुरू. सोमवारची किंवा एक तारखेची वाट बघायची नाही.

आपण जप करतो तेव्हा कितीदा मन भटकतं, मणी चुकतो. म्हणून माळ कुणी फेकून देत नाही. हातात असेल त्या मण्यापासून परत नाम घेतो. तब्येतीच्या नेमालाही तेच लावायचं.

त्या ताई आता दर गुरुवारी येतात. जखम भरली आहे. यंदाचा त्यांचा नेम एकच आहे: रोज झोपायच्या आधी दोन्ही पाय धुऊन, पुसून, तळवे आरशात बघायचे. आम्ही विचारलं, एवढाच? त्या म्हणाल्या, एवढाच.

*या आठवड्याची साधना:* आपला एकच नेम वहीत लिहा. तो कोणत्या कामानंतर करणार आणि मोडला तर कोणाला सांगणार, हेही लिहा. वही गुरुवारी घेऊन या, दाखवायची सक्ती नाही. मागच्या वर्षी मध्येच येणं थांबलेली एखादी भगिनी आपल्या गल्लीत असेल, तर तिच्या घरी जाऊन या. नेमाचं काहीच विचारू नका. नुसता चहा प्या, बिनसाखरेचा असला तर उत्तम!

जय गुरुदेव 🙏