सत्तर मिलिमीटरची फीत : जपावी की दाखवावी?



'सत्तर एम.एम.' म्हणजे काय, असे घरी आजी-आजोबांना विचारून पाहा. बहुतेक घरांत पहिले उत्तर येईल 'शोले'. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या त्या चित्रपटात जयने उडवलेले नाणे आपल्याच खुर्चीखाली पडले असे वाटून माणसे वाकून पाहत, ही आठवण आमच्या पिढीत पुष्कळांकडून ऐकायला मिळते. ती सगळी करामत एका रुंद फितीची होती. ही फीत काय असते आणि आज तिचे काय झाले आहे, ते या अंकात सांगायचे योजले आहे.

नेहमीच्या चित्रपटाची फिल्म ३५ मिलिमीटर रुंद असते. मोठ्या चित्रपटांसाठी कॅमेऱ्यात ६५ मिलिमीटर रुंद फिल्म घालत आणि चित्रपटगृहात जाणारी प्रिंट ७० मिलिमीटरची काढत. वाढलेल्या ५ मिलिमीटरमध्ये आवाजाच्या चुंबकीय पट्ट्यांना जागा मिळे. आपल्या जुन्या कॅसेटच्या फितीवर असे तसाच लेप, फक्त त्यावर सहा स्वतंत्र आवाज. चित्राची चौकट ३५ च्या मानाने तिपटीहून मोठी असल्यामुळे भिंतीएवढ्या पडद्यावरही चित्र विरत नाही. घरोघरी टेलिव्हिजन येऊ लागल्यावर प्रेक्षकांना पुन्हा थिएटरात ओढण्यासाठी अमेरिकेत 'ओक्लाहोमा!' (१९५५) या चित्रपटापासून ही पद्धत रुळली. डेव्हिड लीन यांच्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त (१९६२) वाळवंटाच्या टोकाशी एक काळा ठिपका थरथरतो आणि हळूहळू त्याचा उंटस्वार होतो. मोबाईलवर तो ठिपका दिसतच नाही, मग त्या प्रसंगाची गंमत ती काय राहिली? (याच चित्रपटात आपले आय. एस. जोहरही आहेत, हे जाता जाता.)

'शोले'ची गोष्ट थोडी वेगळी. तो ३५ मिलिमीटरवरच चित्रित झाला आणि नंतर लंडनमध्ये त्याची ७० ची मोठी प्रत काढली गेली. चित्रीकरणाच्या वेळीच चौकटीचा वरचा-खालचा भाग पुढे कापला जाणार हे धरून चालावे लागे.

आता या प्रिंटांची प्रकृती पाहू. दहावीच्या विद्यार्थ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावे, कारण सगळे रसायनशास्त्र आहे. त्या काळच्या फितीचा पाया ॲसिटेटचा. उष्णता आणि दमटपणा मिळाला की तो मोडू लागतो व त्यातून ॲसेटिक आम्ल, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधले आम्ल, सुटते. डबा उघडताच आंबट वास येतो. हे आम्लच पुढची मोडतोड आणखी वेगाने घडवते, म्हणून दुखणे एकदा लागले की थांबत नाही. त्यात चुंबकीय पट्टीतील लोहाच्या ऑक्साइडमुळे ही क्रिया अधिकच जोर धरते. म्हणजे ज्या आवाजासाठी लोक ७० एम.एम. पाहायला धावत, तोच आवाज प्रिंटच्या मुळावर आला! फीत आकसते, वाकडी होते आणि तिची छिद्रे यंत्राच्या दातांवर बसेनाशी होतात. संग्रहालयात अशा डब्यांत रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या ठेवतात. निळी पट्टी हिरवी आणि मग पिवळी झाली की आजार किती पुढे गेला ते कळते.

दुसरा रोग रंगांचा. १९८० च्या आसपासपर्यंतच्या बहुतेक रंगीत प्रिंटांतील निळसर रंगद्रव्य आधी उडते आणि शेवटी आकाश, वाळू, माणसे सगळेच गुलाबी दिसू लागते. पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : हे प्रिंट चालवल्याने होत नाही. अंधारात, बंद डब्यात पडून असतानाही रंग उतरतच राहतो. थंड आणि कोरड्या जागेत ठेवल्यास वेग कमी होतो, एवढेच.

याचा दुःखद दाखला म्हणजे 'द ॲलामो' (१९६०). पहिल्या प्रदर्शनानंतर त्यातून अर्धा तास कापला गेला. तो पूर्ण चित्रपट असलेली ७० मिलिमीटरची प्रिंट पुढे अनेक वर्षांनी कॅनडातील टोरांटो येथे चांगल्या स्थितीत सापडली. तिच्यावरून व्हिडिओ प्रत तयार करण्यात आली. पण त्यानंतर प्रिंट नीट ठेवली गेली नाही आणि ती खराब झाली. तीस वर्षे टिकलेली वस्तू सापडल्यानंतर गेली. सापडणे आणि वाचणे यांत किती अंतर असते पाहा.

'लॉरेन्स'चे नशीब बरे. त्याचीही कापाकापी झाली होती. रॉबर्ट हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी कापलेले तुकडे शोधून काढले, परंतु काही प्रसंगांचा आवाजच मिळेना. तेव्हा पीटर ओटूल, ॲलेक गिनेस आदी नटांनी पंचवीसएक वर्षांनी आपलेच संवाद पुन्हा म्हटले आणि १९८९ साली चित्रपट पुन्हा पडद्यावर आला. जॅक हॉकिन्स तोवर वारले होते, त्यांचा आवाज दुसऱ्या नटाने काढला.

आणि 'शोले'? ज्याच्या नावाने आपल्याकडे सत्तर एम.एम. ओळखले जाते, त्याची ७० मिलिमीटरची एकही प्रिंट उरलेली नाही. मूळ निगेटिव्हलाही व्हिनेगरचा रोग लागला होता. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ब्रिटनमधील एका गोदामात सापडलेल्या आणि स्वतःकडे असलेल्या मधल्या प्रतींवरून, इटलीतील बोलोन्या येथील प्रयोगशाळेत, सुमारे तीन वर्षे काम करून तो दुरुस्त केला. जून २०२५ मध्ये बोलोन्याच्या भर चौकात तो दाखवला गेला आणि डिसेंबरात आपल्याकडे आला. १९७५ साली बदलावा लागलेला शेवटही त्यात मूळ रूपात आहे. आम्हांला आनंदच झाला. पण पडद्यावर होती ती डिजिटल प्रत, फीत नव्हे, हेही मुलांना माहीत असावे.

मग उरलेल्या प्रिंटा कुलूपबंद ठेवाव्यात का? प्रत्येक खेळात फितीला ओरखडे पडण्याची भीती असते, हे खरे. यंत्र चालवणारा अननुभवी असेल तर एका संध्याकाळीत नुकसान होते. म्हणून ज्या प्रिंटची जोड जगात दुसरी नाही, ती यंत्रावर चढवूच नये, असे आमचे मत आहे. तिच्यावरून नवी प्रत काढावी. पण जिच्या इतर प्रती आहेत ती डब्यात गुलाबी होऊ देण्यात शहाणपण कसले? २०१८ साली '२००१ : अ स्पेस ओडिसी'च्या मूळ साहित्यावरून नव्या ७० मिलिमीटर प्रिंटा काढून गावोगावी दाखवल्या गेल्या, तो मार्ग आम्हांला पटतो. नवी फीत पॉलिएस्टरची असल्याने तिला व्हिनेगरचा रोगही होत नाही. जर्मनीत कार्ल्सरूह येथील शाउबुर्ग चित्रपटगृहात ७० मिलिमीटरचा खास महोत्सव भरतो. जुनी प्रिंट असेल तर तिचे रंग कितपत उतरले आहेत ते प्रेक्षकांना आधी सांगणे, ही अशा खेळांतली प्रामाणिक रीत आम्हांला फार आवडते. आपल्या देशात मात्र २०१० नंतर चित्रपटगृहे भराभर डिजिटल झाली. प्रिंट आणली तरी ती लावायची कशावर, हा प्रश्न आहेच.

पालकांना एक विनंती. आपल्यापैकी काहींच्या घरी लग्नाच्या किंवा गणेशोत्सवाच्या ८ अथवा १६ मिलिमीटरच्या रिळा माळ्यावर असतील. डबा उघडून वास घ्या. आंबट वास आला तर ते रीळ इतरांपासून वेगळे ठेवा आणि जुन्या प्रोजेक्टरवर हौसेने चालवू नका. आधी जाणकाराकडून त्याची डिजिटल प्रत करवून घ्या, व मूळ रीळ फेकू नका. उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा ही त्यासाठी सर्वांत वाईट जागा. विश्वस्त मंडळींनीही शाळेच्या जुन्या स्नेहसंमेलनांच्या कॅसेटी असलेले कपाट जिन्याखालून हलवावे, असा अर्ज आम्ही या अंकातूनच करीत आहोत. पावसाळ्यात तिथली भिंत ओली असते.

शेवटी नववीसाठी गणित. फितीच्या कडेच्या दोन छिद्रांमधले अंतर सुमारे ४.७५ मिलिमीटर. ७० च्या प्रिंटमध्ये एका चित्राला ५ छिद्रे लागतात, सेकंदाला २४ चित्रे. म्हणजे सेकंदाला ५७ सेंटिमीटर आणि साडेतीन तासांच्या चित्रपटाला सात किलोमीटरहून अधिक फीत. ३५ मिलिमीटरच्या प्रिंटमध्ये छिद्रांचे अंतर जवळजवळ तेच, पण एका चित्राला ४ छिद्रे. त्याच चित्रपटाची ३५ ची फीत किती लांब होईल? रीत दाखवून उत्तरे सोमवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावीत.