पाण्याची वाट कोणी अडवली?



लागणीची वेळ, बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, पाचट या विषयांवर आपण नेहमी वाचतो. आज थोडा निराळा विषय घेऊ. आपण ज्या शिवारात राबतो ते शिवार आजच्यासारखे दिसू लागले कसे, ते कोणी घडवले आणि त्यात पाण्याला जायला वाट किती उरली, हा तो विषय. वरवर भूगोलाचा वाटेल, पण शेवटी तो टनेजवर येऊन थांबतो. ज्यांच्या उसाचा खालचा कोपरा दरसाल पिवळा पडतो त्यांनी तर सावकाश वाचावा.

जुनी माणसे गावाचे दोन भाग सांगत. एक पांढरी, एक काळी. पांढरी म्हणजे गावठाण, राहायची जागा. ती बहुधा उंचवट्यावर, निचऱ्याची. काळी म्हणजे पिकाची जमीन. काळीतही सगळी जमीन एका मापाने वापरत नसत. ओढ्याच्या काठाची पट्टी गवताला राही, भारी काळ्या रानात पावसाच्या ओलीवर शाळू येई, विहिरीजवळच्या चार-दोन बिघ्यांत मोटेचे पाणी फिरे. ओढा, ओघळ, बांधालगतचा चर यांना कोणी हात लावत नसे. त्या काळी सुबत्ता होती असे मी म्हणणार नाही. दुष्काळ पडला की माणसे गाव सोडून जात. पण पडलेले पाणी कुठून जाणार, हे पोराटोरांनाही ठाऊक असे.

मग पाट आला. 1876-78 च्या भीषण दुष्काळानंतर दख्खनमध्ये कालव्यांच्या कामाला जोर आला. नीरा डावा कालवा 1885 मध्ये सुरू झाला. सरकारचा हिशेब असा होता की, पाऊस दगा देईल तेव्हा शेतकरी ज्वारी-बाजरीला पाणी घेईल. शेतकऱ्याचा हिशेब वेगळा. चांगल्या पावसाच्या वर्षी ज्वारीला पैसे मोजून पाणी कोण घेणार? पाणी विकत घ्यायचेच तर ज्यात पैसा आहे त्या पिकाला, म्हणजे उसाला. 1928 साली भाटघरचे नवे धरण पुरे झाले आणि पाण्याची शाश्वती वाढली. दुष्काळासाठी खोदलेल्या पाटाने उसाचा मुलूख उभा केला. माळीनगर आणि वालचंदनगर ही त्याच मुलखातली गावे, कारखान्यांभोवती वसलेली.

आता धड्याचा खरा भाग. पाट नेहमी खोऱ्याच्या उंच बाजूने काढतात, म्हणजे त्याच्या खालची सगळी जमीन भिजते. आधी त्या जमिनीवर चार महिने पाऊस पडे आणि आठ महिने ती सुकत असे. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात-हात भेगा पडत. आता बारा महिने पाणी आले. पाटाची गळती, चारीची गळती आणि आपण सरीला तुडुंब देतो ते. काळी माती चिकट, तिच्यातून पाणी फार हळू उतरते. पाणी आणायला सरकारने पाट काढले, चाऱ्या काढल्या. वापरून उरलेले पाणी बाहेर न्यायला तितक्या काळजीने चर काढले नाहीत. परिणाम दिसायला फार काळ लागला नाही. हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींचा अभ्यास 1910 मध्येच प्रसिद्ध केला. म्हणजे पाट सुरू होऊन पंचवीस वर्षे होतात न होतात तोच जमीन बिघडल्याचे लेखी नोंदले गेले होते. आपण मात्र आजही हा रोग नवा असल्यासारखे बोलतो.

मीठ येते कुठून, हा प्रश्न सभांमधून हमखास विचारला जातो. रासायनिक खताकडे बोट दाखवून माणसे मोकळी होतात. खताचा थोडा वाटा असेल, पण आधी पाण्याचा हिशेब करून बघा. समजा, पाण्यात दर लिटरला अर्धा ग्रॅम क्षार आहेत. असे पाणी तोंडाला गोडच लागते. वर्षभरात उसाला सगळे मिळून दोन मीटर पाणी दिले, तर एकराला साधारण 80 लाख लिटर झाले. त्यातून 4,000 किलो क्षार रानात आले. 50 किलोची 80 पोती! ऊस पाणी पितो, पण क्षार बहुतेक मागेच ठेवतो. निचरा असेल तर पाऊस त्यांना धुऊन नेतो. निचरा नसेल तर जमिनीखालचे पाणी वर चढत येते. ते चार-पाच फुटांच्या आत आले की, दिव्याच्या वातीने तेल वर ओढावे तसे मातीतून वर येते, उन्हाने उडून जाते आणि पांढरा थर मागे राहतो. गावची पांढरी आपण समजू शकतो. काळीत पांढरी उगवली की समजावे, दुखणे मुरले.

अशा रानातला ऊस आखूड पेरांचा होतो, पानांची टोके करपतात, खोडव्यात नांग्या पडतात. रसात क्षार उतरतात, गूळ खारट होतो, साखरेच्या उताऱ्याला मार बसतो. म्हणजे दुखणे एका सभासदाच्या कोपऱ्यात दिसले, तरी ते सगळ्या कारखान्याचे असते.

याच मान साहेबांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या खेड्याचा अभ्यास करून 1917 साली पुस्तक काढले होते. जमिनीचे तुकडे कसे पडत गेले ते त्यात आहे. ते खेडे आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. जिथे त्यांनी शेताचे तुकडे मोजले तिथे आता उंच इमारती आहेत. शहर असेच वाढते, आणि पाण्याच्या बाबतीत आपल्यासारखेच चुकते. पुण्याचा आंबील ओढा कात्रजच्या डोंगरातून येऊन मुठेला मिळतो. पेशवाईत त्याचा प्रवाह वळवला गेला. पुढे त्याच्या काठावर दाटीने वस्ती झाली, पात्र आवळत गेले. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री मोठा पाऊस झाला आणि ओढा घराघरांत शिरला, माणसे दगावली. शहरवाल्यांना नावे ठेवणे सोपे आहे. त्यांचा ओढा एका रात्रीत उठला. आपला ओढा तीस वर्षे जमिनीखालून हळूहळू वर येतो, म्हणून बातमी होत नाही, एवढाच फरक.

आता घरचीच गोष्ट सांगतो, लाज वाटते तरी. आमच्या दोन भावांच्या रानामधून एक चर जात होता. पावसाळ्यात वाहायचा, एरवी बेशरमाची झुडपे आणि बेडूक. 1987 साली आम्ही बुलडोझर लावून तो बुजवला, रान सपाट केले. बारा गुंठे वाढले म्हणून आनंद झाला. थोरले चुलते बांधावर उभे राहून एवढंच म्हणाले, ‘‘पाणी आता तुला इचारून जाईल व्हय रं?’’ आम्ही हसलो. पंधरा-सोळा वर्षांनी खालचे दोन एकर उतरले. आधी 30 टनांवर, मग 12 वर, मग पडच. बारा गुंठ्यांच्या हावेपायी ऐंशी गुंठे गेले. जिप्समच्या गोण्या टाकल्या, धैंचा गाडला. निचऱ्याशिवाय ते सगळे वायाच गेले.

तेव्हा करायचे काय? आधी आपल्या गावचा नकाशा काढा. भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यावर ओढे-नाले दाखवलेले असतात. तो हातात घेऊन शिवार चाला, एकटे नव्हे, वरच्या आणि खालच्या शेजाऱ्याला घेऊन. नकाशावर ओघळ आहे आणि जाग्यावर ऊस उभा आहे, अशा जागा किती सापडतात ते बघून चक्रावून जाल. मार्च-एप्रिलमध्ये खालच्या कोपऱ्यात पाच फूट खड्डा घ्या. दुसऱ्या दिवशी त्यात पाणी किती खोल लागते ते मोजा. मातीचा नमुना वरच्या फुटाचा वेगळा, खालच्या फुटाचा वेगळा द्या. क्षारांचा ईसी 4 च्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त. सामू 8.5 च्या वर आणि सोडियम जास्त असेल तर चोपण. जिप्सम चोपणाला, आणि तेही पाणी बाहेर जायची सोय झाल्यावर. ठिबकने पाणी वाचते, पण आधीच साठलेले क्षार ठिबक बाहेर काढत नाही.

भारी रानात उघडा चर पुरत नाही, तिथे तीन-चार फुटांवर सच्छिद्र पाइप पुरतात. शिरोळच्या श्री दत्त कारखान्याने सभासदांना एकत्र आणून अशी कामे केली आहेत. ती बघून यावे. त्यात तंत्रापेक्षा अवघड गोष्ट एकच आहे. पाइपचे पाणी शेवटी ओढ्यापर्यंत न्यावे लागते, आणि मध्ये दुसऱ्याचे रान असते. तिथेच गाडे अडते. शेजाऱ्याने पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. पण तीस वर्षांपूर्वी आपण स्वतःच बुजवलेल्या चरावर कोण दाद देणार?

आम्हाला खालच्या शेजाऱ्याकडे जावे लागले. ज्यांच्याशी बांधावरून दहा वर्षे बोलणे नव्हते, त्यांच्याकडे. दोन खेटे फुकट गेले. तिसऱ्या वेळी त्यांच्या आईने चहा दिला आणि म्हणाली, ‘‘आमचा बी कोपरा पांढरा झालाय, पोरांना सांगायची लाज वाटती.’’ त्यांनी बांधालगतची तीन फूट जागा दिली. आमचा पाइप आणि त्यांचा पाइप एकाच चरात सोडला. गेल्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर तोंडाशी पाणी आले, फिकट तांबूस. मी बोट बुडवून जिभेला लावले. चांगलेच खारट होते. शेजारी बघत उभे होते, त्यांनीही चाखून पाहिले. यंदा दोन्ही कोपऱ्यांत ताग केला आहे, ऊस पुढच्या वर्षी.