तारीख कोणत्या कालगणनेची?

शाळेच्या फलकावर अथवा गावच्या वाचनालयात दररोज दिनविशेष लिहिण्याची प्रथा स्तुत्य आहे. मात्र त्यातील तारीख कोणत्या कालगणनेची, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. १६१६ साली २३ एप्रिल रोजी इंग्लंडमध्ये शेक्सपिअर व स्पेनमध्ये सर्व्हांटिस निवर्तले, असे सर्वत्र सांगितले जाते. युनेस्कोने १९९५ मध्ये जागतिक ग्रंथदिनासाठी हाच दिवस निवडला. सर्व्हांटिसचे निधन आदल्या दिवशी झाले असावे, असे अभ्यासक मानतात; पण तो मुद्दा बाजूस ठेवला तरी हे दोन २३ एप्रिल एक नव्हेत. त्यांच्यात दहा दिवसांचे अंतर आहे.

ज्युलियस सीझरने रूढ केलेल्या कालगणनेत वर्ष ३६५ दिवस ६ तासांचे धरले होते. प्रत्यक्ष सौरवर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान असते. ही अल्पशी चूक साचत जाऊन सोळाव्या शतकात वसंतसंपात २१ मार्चऐवजी ११ मार्चच्या सुमारास येऊ लागला व ईस्टरचा हिशेब बिघडला. म्हणून पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये गुरुवार, ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस शुक्रवार, १५ ऑक्टोबर मानण्याची आज्ञा केली. वारांचा क्रम मोडला नाही. तारखा तेवढ्या गळल्या. शतकपूर्तीच्या वर्षांपैकी ज्यांना ४०० ने भाग जातो तीच लीप वर्षे धरावीत, असेही ठरले. स्पेन व पोर्तुगालने ही सुधारणा तत्काळ स्वीकारली. प्रॉटेस्टंट इंग्लंडला मात्र त्यासाठी १७० वर्षे लागली. गणितापेक्षा ते सांगणारा कोण, हेच तेथे अधिक पाहिले गेले, असे म्हणावे लागते. अखेर १७५२ मध्ये २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी तेथे १४ सप्टेंबर उजाडला. रशियाने हा बदल १९१८ मध्ये केला. तेथील ऑक्टोबर क्रांतीचा वर्धापनदिन ७ नोव्हेंबरला येतो तो यामुळेच.

गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे वाक्य विज्ञानाच्या तासाला हमखास ऐकू येते. गॅलिलिओच्या मृत्यूची ८ जानेवारी १६४२ ही तारीख नव्या गणनेची, तर न्यूटनच्या जन्माची २५ डिसेंबर १६४२ ही जुन्या गणनेची आहे. नव्या गणनेने न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ रोजी येतो व हा योगायोग उरत नाही.

आपल्या इतिहासासही हा प्रश्न लागू पडतो. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही रूढ तारीख जुन्या गणनेची आहे. नव्या गणनेने त्या दिवशी १६ जून होता. त्या प्रसंगी रायगडावर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन जुन्या तारखा लिहीत असे, तर गोव्याच्या पोर्तुगीज दप्तरात नव्या असत. दोन्हींकडील कागद जुळविताना हे ध्यानी न घेतल्यास उत्तर पत्राच्या आधीच पोहोचल्याचे दिसेल! रूढ तारीख बदलण्याचे कारण नाही. परंतु फलकावर तिच्यासमवेत ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ अशी मिती लिहिल्यास संदिग्धता राहत नाही.

हा फरक सदैव दहा दिवसांचाच नसतो. १७०० च्या फेब्रुवारीअखेर तो अकरा दिवसांचा झाला, १८०० मध्ये बारा व १९०० मध्ये तेरा दिवसांचा झाला. २००० हे दोन्ही गणनांत लीप वर्ष असल्याने तो आजही तेराच आहे.