कोठडीतला माणूसही माणूसच



भिवंडीत यंत्रमागावर राबणाऱ्या वस्तीतून एखादा मुलगा पोलिसांनी नेला की आई रडत बसते आणि बाप वकिलाच्या पैशासाठी सावकाराचे दार गाठतो. शेजारी म्हणतात, "नशिबाचे भोग!" पण हा प्रश्न नशिबाचा नाही, कायद्याचा आहे. तो आज समजून घेऊ.

तुरुंगात माणसाचे स्वातंत्र्य जाते, माणूसपण जात नाही. घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याचा हक्क गजांच्या आतही चालू राहतो. पुरेसे अन्न, औषधपाणी, मारहाणीपासून संरक्षण ही कुणाची मेहेरबानी नव्हे.

मुंबईच्या तुरुंगातील पंधरा स्त्री-बंद्यांशी पत्रकार शीला बरसे बोलल्या. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बरसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले आणि १९८३ साली निकाल दिला. स्त्रियांना वेगळ्या कोठडीत, महिला पोलिसांच्या पहाऱ्यात ठेवावे. अटक होताच विधिसाहाय्य समितीला कळवावे. आणि कोठडीत छळ झाला काय, हे न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतः आरोपीला विचारावे.

तुरुंगात जातही होती. अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमांत झाडलोट खालच्या मानलेल्या जातींकडे आणि स्वयंपाक वरच्यांकडे होता. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी असे नियम घटनाबाह्य ठरवले आणि बंद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. बाबासाहेबांनी घटनेत आणलेले १७ वे कलम तुरुंगाच्या भिंतीआडही लागू आहे.

मग आपण काय करावे?

एक: प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेलेच पाहिजे. तेथे मुलाने गप्प राहू नये. मार लागला असेल तर सांगावे, वैद्यकीय तपासणी मागावी.

दोन: १९८७ च्या विधि सेवा कायद्याने कोठडीतील प्रत्येकाला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. भिवंडी न्यायालयातील तालुका विधि सेवा समितीत जा, किंवा १५१०० वर फोन करा.

तीन: तुरुंगात औषध, अन्न मिळत नसेल तर खटला चालू असलेल्या न्यायालयात लेखी अर्ज द्या व पोच घ्या. दाद न मिळाल्यास उच्च न्यायालय आणि राज्य मानवी हक्क आयोग आहे.

चार: खटला रखडला तर तारखा मोजा. २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाप्रमाणे पहिल्याच गुन्ह्यातील कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडावयाचे आहे. इतरांना अर्ध्या काळानंतर. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि अनेक खटले असलेल्यांना ही सवलत नाही.

म्हणून आधी सावकाराकडे नव्हे, विधि सेवा समितीकडे जा. आणि शेजारच्या घरावर ही वेळ आली तर अर्ज लिहायला तुम्ही बसा. शिकलेल्याने एवढे तरी करावे.

जयभीम!