पुड्याची पाठ

मी लोणची-पापड करणारी बाई. चिखलीत आमच्या बचत गटाचं छोटं काम चालतं. पुड्यावरची बारीक अक्षरं वाचायची वेळ माझ्यावर गिऱ्हाईक म्हणून आलीच नाही. स्वतःच्या बरणीवर काय छापायचं, हा प्रश्न पडला तेव्हा मी दुसऱ्यांचे पुडे उलटे करून बघायला लागले. तेव्हापासून जे कळत गेलं, ते असं.

१. आकड्याला आधीच भ्यायचं नाही.
नातवाच्या बिस्किटावर ५००(२) वाचून माझ्या पोटात गोळा आला होता. निघाला खायचा सोडा. ३३० म्हणजे किराणा दुकानात मिळतं ते लिंबूसत्त्व, २६० म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. जगभर एकच पदार्थ ओळखता यावा म्हणून दिलेले हे क्रमांक आहेत. युरोपात त्याच आकड्याआधी 'ई' लावतात. झटपट शेवयांच्या पुड्यावर ५००(१) आणि ५०१(१) दिसले, तर ते सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट. शेवई चिवट राहावी म्हणून घालतात. आपण उडदाच्या पिठात पापडखार घालतो, तोही याच जातीतला. त्याला आपण कधी रसायन म्हटलं नाही, एवढंच.

२. 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' या शब्दांवर भाळू नका.
पहिल्या वर्षी माझ्या कैरीच्या लोणच्याला पंधरा दिवसांत बुरशी आली. चूक माझीच, फोडी नीट सुकल्या नव्हत्या. प्रशिक्षणातल्या बाई म्हणाल्या, सोडियम बेंझोएट घाला, क्रमांक २११. मला वाटलं, झालं, आपणही त्यातलेच. पण नियम वाचला तर परिरक्षकांचे दोन वर्ग निघाले. पहिल्या वर्गात मीठ, साखर, व्हिनेगर, मध, तेल, मसाले. म्हणजे माझ्या आजीचं अख्खं फडताळ परिरक्षकांनी भरलेलं होतं. बेंझोएट दुसऱ्या वर्गात. त्याला लोणच्यात मर्यादा आहे, किलोला २५० मिलिग्रॅम, म्हणजे पाव ग्रॅम. चमच्यानं मोजायची ही गोष्टच नाही, बारीक काटा लागतो. आणि ते आंबट पदार्थातच नीट काम करतं, गोड्या भाजीत घालून उपयोग नाही. आता गावातल्या गावात खपणाऱ्या बरण्यांना मी ते घालत नाही. लांब जाणाऱ्या मालात घालते आणि छापते.

३. आपल्याच शेतातलं पीक ओळखायला शिका.
हे मला सगळ्यात उशिरा कळलं. आमच्या भागात दिवाळीच्या सुमारास जिकडेतिकडे सोयाबीन आणि मका. ट्रॅक्टर भरून बाजार समितीत जातो, भाव ऐकून माणसं गप्प होतात, आणि पुढे त्या दाण्याचं काय होतं हे कोणी विचारत नाही. तो परत येतो, पण वेश पालटून. मोठ्या कारखान्यात सोयाबीनमधलं तेल हेक्झेन नावाच्या द्रावकानं काढतात. तेल शुद्ध करताना जो चिकट भाग निघतो, तो लेसिथिन, क्रमांक ३२२. चॉकलेट आणि बिस्किटात तेलकट भाग बाकीच्या घटकांत नीट मिसळावा म्हणून तो घालतात. तेल काढून उरलेल्या पेंडीच्या पिठाची सोयाबीन वडी होते. मक्याचा स्टार्च होतो आणि स्टार्चचं माल्टोडेक्स्ट्रिन किंवा लिक्विड ग्लुकोज. 'साखर घातलेली नाही' असं पुढे छापलेल्या डब्याच्या पाठीवर माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं, तर ते पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतं, हे लक्षात असू द्या.

मका भिजवायचा, दळायचा, कोंडा वेगळा करायचा आणि पांढरा स्टार्च खाली बसू द्यायचा, हे ऐकून मला हसू आलं. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवून आपण चीक काढतो, तो दुसरं काय आहे? कारखान्यानं नवीन काही शोधलं नाही. मग फरक कशात? ब्राझीलच्या साओ पाउलो विद्यापीठातल्या कार्लोस मोंतेइरो यांनी २००९ मध्ये अन्नाची प्रक्रियेनुसार विभागणी मांडली. ती पुढे चार गटांची झाली, आणि चौथा गट अतिप्रक्रिया केलेल्या खाण्याचा. आपल्या स्वयंपाकघरात नसणारे घटक असतील तर माल बहुधा या गटातला. २०१९ मध्ये अमेरिकेत केविन हॉल यांनी २० माणसांना दोन आठवडे असं खाणं आणि दोन आठवडे साधं खाणं दिलं. समोर ठेवलेल्या ताटातली साखर, स्निग्धांश, मीठ आणि तंतू सारखेच होते. तरी अतिप्रक्रियेच्या खाण्यावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली, आणि खाल्लीही भरभर.

कुरडई अशी भरभर कोण खातं? चीक हाटताना दंड भरून येतात, सोऱ्या दाबून तळहात लाल होतात. मग ती डब्यात जाते आणि पोळ्याला नाहीतर पाहुणा आला तर बाहेर निघते. कुरकुऱ्याचा पुडा पाच रुपयांत शाळेच्या वाटेवर रोज लटकलेला असतो.

४. पहिली तीन नावं वाचा, पुढची हवी तर.
घटक जास्तीकडून कमीकडे लिहायचा नियम आहे. पुढे गव्हाच्या लोंब्यांचं चित्र, मागे पहिलंच नाव मैदा. मग ठेवा खाली.

५. सोडियमला अडीचनं गुणा.
पुड्यावर ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर मीठ झालं २ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वाढणीचा, तेही बघा. (हा हिशोब मी माझ्या लोणच्यालाही लावला. बोलायची सोय राहिली नाही.)

६. अफवा वेगळी, तपासणी वेगळी.
५ जून २०१५ ला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं मॅगी बाजारातून काढायला लावली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी करायला सांगितलं. त्यात माल खरा उतरला आणि नोव्हेंबरात पुडे परत आले. बायकांच्या बोलण्यात मात्र शिसं आणि एमएसजी हा चव वाढवणारा पदार्थ यांची खिचडी झाली, ती आजही तशीच शिजते आहे. मुख्य वाद शिशाचा होता. एमएसजीबाबत आक्षेप होता तो 'घातलेलं नाही' या छापील शब्दांवर. त्यातलं ग्लुटामेट पिकल्या टमाट्यातही असतं. १९०८ मध्ये जपानच्या इकेदा यांनी ते समुद्री शेवाळातून वेगळं काढलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात नातू माझी नवी बरणी हातात घेऊन मोठ्यानं वाचत बसला. कैरी, मीठ, शेंगदाणा तेल, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, २११. तिथं थांबला.

"आजी, तुह्या लोणच्यातबी नंबर हाये."

"हाये. म्हणून तर छापला."

"मंग बिस्कुटवाल्यानंबी छापलाच हाये ना? त्याच्यावर काऊन वरडतं?"

मी फोडी कोरड्या झाल्या का ते बघायला गच्चीवर गेले.